पुतळ्याच्या पायातील जोडा

(लष्करी गणवेशांच्या प्रदर्शनाच्या तयारीनिमित्त बुद्धविहारात भरलेल्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



येत्या १ जानेवारीस आपल्या विहारात जुन्या लष्करी गणवेशांचे जे प्रदर्शन भरणार आहे, त्याच्या तयारीसाठी आपण आज जमलो आहोत. कोट, पगडी, पट्टे, बिल्ले यांविषयी आतापर्यंत पुष्कळ बोलणे झाले. मंडळाने माझ्याकडे जो विषय सोपविला आहे तो त्या मानाने अगदी खालचा, म्हणजे पुतळ्यांच्या पायांचा आहे. कोणत्या काळच्या शिपायाच्या पायात काय घालावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. आणि तसा वाटला म्हणूनच गेल्या खेपेस माझ्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगतो.

गेल्या वर्षी आपण एकच पुतळा उभा केला होता. वस्तीतील एका वृद्ध भगिनींनी आपल्या दिवंगत वडिलांचा गणवेश त्यासाठी दिला. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि १९५० नंतरही काही वर्षे नोकरीत होते. शर्ट, पट्टा, पदके सारे त्यांचे स्वतःचे. बूट मात्र शिल्लक नव्हते. ते आणण्याचे काम मी अंगावर घेतले, आणि रखवालदार वापरतात तसले काळे, चकचकीत, रबरी तळव्याचे बूट बाजारातून विकत आणले. प्रदर्शन उघडले. त्या बाई आल्या, पुतळ्यापुढे उभ्या राहिल्या, पदकांना त्यांनी हात लावला, आणि मग खाली पाहून म्हणाल्या, “वकीलसाहेब, ह्ये बूट आमच्या बाचं न्हवं. बा रजेवर यायचा तवा आधी गल्लीत खिळ्यांचा आवाज यायचा, आन् मग बा दिसायचा. ह्या बुटाला आवाजच न्हाई.”

मी म्हणालो, “आजी, बूट तो बूटच.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी फार वेळ थांबल्याही नाहीत.

बंधूंनो, वीसएक वर्षे न्यायालयात साक्षीपुरावा तपासण्यात गेलेल्या माणसाने हे उत्तर द्यावयास नको होते. गणवेश घातलेला पुतळा हा एक साक्षीदारच असतो. तो बोलत नाही. तो केवळ उभा राहतो आणि पाहणाऱ्यास सांगतो की, अमुक साली अमुक माणूस असा होता. त्याची उलटतपासणी प्रेक्षक करतात. ती जाणते प्रेक्षक बहुधा पायांपासून करतात, कारण प्रदर्शन मांडणारे डोक्यापासून सुरुवात करतात आणि पायांपर्यंत पोहोचेतो त्यांचा पैसा व उत्साह दोन्ही संपलेले असतात! एका बाबतीत खोटा ठरलेला साक्षीदार सर्वच बाबतींत खोटा मानावा, असे एक जुने रोमन सूत्र आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते भारतात बंधनकारक मानलेले नाही. आपली न्यायालये धान्य आणि फोलपट वेगळे करून पाहतात. परंतु प्रदर्शनास येणारा प्रेक्षक म्हणजे न्यायमूर्ती नव्हेत. ज्यास आपला इतिहास मुळीच पटवून घ्यावयाचा नाही अशा माणसास पुतळ्याच्या पायातील एक चुकीचा बूट पुरेसा होतो. “बूटच खोटा, तर बाकीचे काय खरे?” असे म्हणून तो पायऱ्या उतरतो.

आता यंदाच्या चार पुतळ्यांकडे वळू. पहिला आहे १८१८ सालच्या कोरेगावच्या लढाईतील शिपायाचा. याच्याविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे, कारण आपल्या मंडळात मतभेद आहे तो याच पुतळ्याच्या पायांवरून.

मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाली. कॅप्टन स्टॉन्टन याच्या हुकमतीखाली सुमारे ५०० पायदळ, सुमारे २५० घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. रात्रभर चालून, आजच्या हिशेबाने सुमारे चाळीस किलोमीटर अंतर तोडून, ही माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेकाठी कोरेगावास पोहोचली. आणि विसावा न घेता, पाण्यावाचून, दिवसभर लढली. त्या पलटणीत सारेच महार होते असे कोणी सांगितले तर ते आपण मान्य करू नये. इतर जातींचे लोकही तीत होते. परंतु तेथील विजयस्तंभावर ‘नाक’ या पदाने संपणारी २२ नावे कोरलेली आहेत आणि ती महार शिपायांची आहेत. आपला पुतळा त्यांच्यापैकी एकाचा आहे.

त्या काळच्या चित्रांत कंपनीचा देशी शिपाई कसा दिसतो? अंगात लाल कोट, छातीवर एकमेकांस छेदणारे पांढरे पट्टे, आणि पायांत पट्ट्यांच्या वहाणा किंवा देशी जोडे. कित्येक चित्रांत पाय उघडेच. घोट्यापर्यंत नाडीने बांधावयाचा काळा बूट या शिपायाच्या पायात नव्हता. म्हणून माझी सूचना अशी की, कोरेगावच्या शिपायास जाड चामड्याच्या, साध्या पट्ट्यांच्या वहाणा घालाव्यात. बाजारात मिळणारी, वेण्या आणि गोंडे लावलेली शोभेची कोल्हापुरी चप्पल चालणार नाही. तशी शोभा त्या शिपायाच्या पायात असल्याचा पुरावा आपणापाशी नाही, आणि रात्रभरच्या कूचेस ती टिकलीही नसती. देशी जोडा घालण्याचे ठरल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना देशी जोडा डाव्या-उजव्या पायाचा वेगळा नसतो. दोन्ही एकाच साच्याचे, आणि वापरून वापरून ज्याच्या त्याच्या पायाचा आकार घेणारे. खुद्द इंग्रज सैन्याचे जोडेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असेच सरळ साच्याचे होते. तेव्हा १८१८ च्या पुतळ्याच्या पायांत डावा-उजवा भेद असलेला जोडा दिसला की, जाणता मनुष्य तेथेच हसेल.

यावर आपल्यातील काही तरुण बंधूंचा आक्षेप आहे, आणि तो मी टाळून पुढे जाणार नाही, कारण त्यामागील भावना खरी आहे. ते म्हणतात, “वहाणा घातल्या तर आमचा पूर्वज दीन दिसेल. ज्यांना गावाने पायात घालू दिले नाही, त्यांना निदान आपण तरी चांगले बूट घालू या.”

मित्रहो, पायताणाचा अपमान म्हणजे काय हे मला कायद्याच्या पुस्तकातूनही ठाऊक आहे. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने दागिने व उंची पोशाख वापरण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. एवढ्याने भागले नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला, त्यात २०१५ साली दुरुस्ती करावी लागली, आणि २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या त्या दुरुस्तीत सार्वजनिक जागी पायताण घालण्यास किंवा नवे कपडे घालण्यास अटकाव करणे हा अत्याचार म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. संसद निष्कारण शब्द खर्च करीत नाही. एकविसाव्या शतकातही ‘पायताण’ हा शब्द फौजदारी कायद्यात घालावा लागतो, याचा अर्थ आपण सर्वजण जाणतो.

तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. त्या माणसाने लढाई मारली ती वहाणा घालून किंवा अनवाणी. चाळीस किलोमीटर तो चालला तो त्याच पायांनी. त्याला आज आपण बूट चढविले, तर त्याचा सन्मान होत नाही. त्याचे पाय पुसले जातात. आणि ज्यांनी त्यास दीन म्हटले त्यांचे म्हणणे आपण आपल्याच हातांनी मान्य करतो की, बूट नसलेला मनुष्य पाहण्याजोगा नसतो. वहाणा पुतळ्यास जशा असतील तशा राहू द्याव्यात, आणि शेजारच्या फलकावर कूचेचे अंतर लिहावे. पाहणाऱ्यास दोन्ही एकत्र वाचता आले म्हणजे झाले.

दुसऱ्या पुतळ्याकडे येण्यापूर्वी मधली जवळजवळ शंभर वर्षे थोडक्यात ओलांडतो. या काळात देशी शिपायाच्या पायात हळूहळू इंग्रजी धर्तीचा जोडा आला, पांढऱ्या-लाल पोशाखाची जागा खाकीने घेतली आणि पिंडरीवर लोकरी पट्टी आली. ही पट्टी आपल्याकडचीच. इंग्रजांनी वस्तू उचलली आणि शब्दही उचलला, त्यांच्या कोशात ‘पट्टी’चे ‘पुटी’ झाले. नेमक्या त्याच सुमारास, १८९० च्या दशकाच्या आरंभी, महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सुभेदार रामजी सकपाळ, ज्यांच्या पोटी बाबासाहेब जन्मले, ते याच भरती बंद होण्याच्या सुमारास निवृत्त झालेल्या पिढीचे. खिळ्यांचा जड लष्करी बूट सर्रास झाला तेव्हा आपल्या माणसांना तो घालण्याची मनाई झालेली होती, हा योगायोग फलकावर एका ओळीत यावा असे मला वाटते.

ही बंदी तात्पुरती उठली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडली. आपला दुसरा पुतळा तिच्यातील आहे. त्यास हवा ‘ॲम्युनिशन बूट’. हा घोट्यापर्यंतचा, जाड चामड्याचा बूट. तळव्यास लोखंडी खिळे, टाचेस नालेसारखी पट्टी आणि चवड्यासही लोखंडी पत्रा. नाडी बहुधा चामड्याच्याच वादीची. बाजारातील नाडी नायलॉनची असते, आणि नायलॉन ही वस्तूच १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातील. तेव्हा १९१७ च्या बुटात ती दिसता कामा नये. बोटांवरून आडवी शिवण टाकून जी चामड्याची टोपी लावतात, ज्यास कारागीर ‘टो-कॅप’ म्हणतात, ती दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नमुन्याच्या बुटास सर्रास असे; पहिल्या महायुद्धातील नेहमीच्या बुटास नसे. जुन्या बाजारात बूट पारखताना ही एक खूण पुष्कळ उपयोगी पडते.

पट्टी कशी गुंडाळावी याविषयी आमच्याकडे दोन वेळा वाद झाला म्हणून सांगतो. पायदळाचा शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळीत जाई आणि फीत गुडघ्याखाली बांधी. घोडेस्वार उलट करी. तो गुडघ्याखालून आरंभ करून घोट्यापाशी फीत बांधी. आपला शिपाई पायदळातील आहे. तालमीच्या वेळी ज्यांनी घोट्यापाशी गाठ मारली होती, त्यांनी नकळत त्यास घोड्यावर बसविले होते.

राहिला रंग. आपल्याकडे त्या काळचे जे एक छायाचित्र आले आहे त्यात बूट काळेभोर दिसतात, म्हणून काळेच घ्यावेत, असे ठरत आले होते. परंतु त्या काळी छायाचित्रासाठी ज्या काचा वापरीत, त्यांतील बहुतेकांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नसे. त्यामुळे तांबूस तपकिरी वस्तूही चित्रात काळसर उमटे. तेव्हा एकट्या छायाचित्रावरून बुटाचा रंग सिद्ध होत नाही. ज्या घरी प्रत्यक्ष जुने चामडे आहे, मग तो पट्टा असो वा नुसता बुटाचा जीभेचा तुकडा असो, त्यांनी तो आणून दाखवावा. शिवणीच्या आत, जेथे ऊन आणि पॉलिश पोहोचत नाही, तेथे मूळ रंग सापडतो.

हे बूट आले कोठून, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. हिंदी सैन्यासाठी बूट आणि खोगिरे बनविण्याचे सर्वांत मोठे केंद्र कानपूर होते. तेथे सरकारी खोगिरांचा कारखाना होता आणि कूपर ॲलन कंपनीचा बुटांचा कारखाना होता. बाभळीच्या सालीने तेथे कातडे कमावीत. कमावणारे आणि शिवणारे हात बहुतांशी चर्मकार समाजाचे. आपल्याकडे गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याचे काम महारांवर लादलेले, कातडे कमावण्याचे ढोरांवर, जोडा शिवण्याचे चांभारांवर. आणि त्याच जोड्याने गावातून चालावयाचे असेल तर काढून हातात घ्यावयाचा! बाबासाहेबांनी १९२७ साली महाड येथे मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडून देण्यास सांगितले ते यासाठी. चामड्यात कमीपणा नाही, ते काम जन्माने गळ्यात बांधण्यात आहे. आपला जोडा शिवून देण्यास ज्या चर्मकार बंधूंनी होकार दिला आहे त्यांचे नाव त्यांच्या संमतीने फलकावर, पुतळ्याच्या पायाशी नव्हे तर गणवेशाच्या माहितीच्या पहिल्या ओळीत यावे. मोबदला द्यावयाचा तो बाजारभावाप्रमाणे. ‘समाजाचे काम’ म्हणून कमी करू नये.

तिसरा पुतळा ब्रह्मदेशाचा. १९४१ च्या जुलैत बाबासाहेबांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली, महारांची पलटण पुन्हा उभी करावी हा आग्रह त्यांनी धरला, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीस. पहिली पलटण वायव्य सरहद्दीवर गेली, दुसरी ब्रह्मदेशाच्या मोहिमेत होती. हा भेद पायांत दिसावयास हवा, आणि येथे आपला घोटाळा होण्याचा संभव आहे. सरहद्दीवरील काही पलटणी खडकाळ डोंगरांत जाड चामडी चपल्या वापरीत; त्या प्रसिद्ध आहेत आणि चित्रांत छान दिसतात. पण त्या मुख्यतः पंजाब सरहद्द दलाच्या परंपरेच्या होत्या. आपल्या पुतळ्याचा गणवेश गर्द हिरवा आहे, म्हणजे जंगलातील लढाईचा आहे. हिरव्या गणवेशाखाली सरहद्दीची चपली घातली तर एकाच माणसाचे धड ब्रह्मदेशात आणि पाय वझिरिस्तानात अशी गत होईल.

जंगलात पायाचे काय होते, हे ज्यांनी कोकणातील पावसाळा शेतात काढला आहे त्यांना सांगावयास नको. चामडे भिजून कुजे, खिळे गंजत, शिवण उसवे, आणि जळवा घोट्यापाशी शिरत. तरीही बहुतेक काळ शिपायांनी तेच खिळ्यांचे बूट वापरले, वर कापडी गेटर किंवा आखूड पट्टी बांधून. युद्धाच्या उत्तरार्धात कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे जंगल-बूट आले. गणवेशाच्या तारखेवरून दोहोंपैकी काय घ्यावयाचे ते ठरेल. आपल्या शर्टावर १९४३ चा शिक्का आहे, तेव्हा खिळ्यांचा बूट आणि गेटर हेच अधिक सुरक्षित. या पुतळ्याचे बूट चमकविण्याचा मोह कोणी करू नये. चमकणारा बूट संचलनाचा असतो, चिखलातला नव्हे.

शिक्क्याविषयी दोन शब्द. सरकारी मालावर तीन रेघांचा बाण उमटविण्याची ब्रिटिशांची पद्धत होती; हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणासोबत इंग्रजी ‘आय’ हे अक्षर असे. बुटाच्या तळव्यावर वा आतल्या बाजूस असा बाण, माप आणि साल आढळले तर वस्तू बहुधा खरी. पण शिक्काही खोटा मारता येतो. दस्तऐवजावरील सहीसारखेच ते आहे. सही खरी ठरवावयाची ती कागद, शाई आणि हात पाहून. खिळ्यांची झीज टाचेच्या बाहेरच्या कडेस अधिक आहे का, आतील तळव्यावर बोटांचे ठसे उमटले आहेत का, हे पाहावे. कोणी तरी चाललेला बूट लपत नाही.

चौथा पुतळा आजींच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या चुकीचा. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे आपल्या पायदळाच्या पायात तोच खिळ्यांचा, नालेचा बूट राहिला. १९५० च्या दशकातील पुतळ्यास रबरी तळव्याचा बूट घालणे ही नुसती तपशिलाची चूक नव्हती. मुलगी घरात बसून बापाचे येणे ज्या आवाजाने ओळखीत असे तो आवाज मी काढून घेतला होता. आणि जरा विचार करा, तो आवाज कोणत्या गल्लीत होत होता. ज्या गावात आजोबांनी जोडे हातात घेऊन वेशीतून जावयाचे, त्याच गावात नातू सरकारी बूट घालून, दगडावर खिळे वाजवीत आला. त्यास कोणी अडविले का, हे मी आजींना विचारले. त्या म्हणाल्या, “बगत समदेच हुते. बोललं कुनीबी न्हाई.” त्यांची पूर्ण हकीकत मी लिहून घेतली आहे, आणि त्यांची संमती मिळाल्यास ती पुतळ्याशेजारी लावू.

एक गोष्ट जाता जाता. खरे पायताण दाखविणे हे दर वेळी अभिमानाचेच असते असे नाही. १९६२ साली ईशान्य सीमेवर थंडीत झुंजलेल्या आपल्या कित्येक जवानांच्या अंगात सुती कपडे आणि पायात कॅनव्हासचे बूट होते, हे आता सर्वज्ञात आहे. पुढे-मागे त्या युद्धाचा पुतळा कोणी मांडला आणि त्यास हिमात चालण्याचे उत्तम बूट चढविले, तर ज्यांनी ते वेळेवर पुरविले नाहीत त्यांची आपण फुकट वकिली केल्यासारखे होईल.

आता कायद्याचे थोडे, कारण त्यासाठीच बहुधा मला बोलावले असावे. गणवेश पुतळ्यावर घालण्यास अडचण नाही. परंतु आपण सैनिक आहोत असा समज करून देण्याच्या हेतूने सैनिकाचा गणवेश वा त्यासारखा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचे कलम १४० होते तेच हे. तेव्हा स्वयंसेवकांनी आजच्या सैन्यासारखा पोशाख करून दारात उभे राहू नये. दुसरे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरते. पहिल्या महायुद्धातील बूट आता त्या मर्यादेत आला आहे. परगावचा कोणी संग्राहक चांगली किंमत देऊन तो परदेशी नेतो म्हणाला, तर होकार देण्यापूर्वी मला भेटा. आणि ज्या घराण्याने वस्तू दिली त्यास पावती द्यावी, तीवर वस्तूची स्थिती लिहावी, परत करण्याची तारीख घालावी. आपल्याच माणसांत कागद कशाला, असे कोणी म्हणू नये. कागद नसल्यामुळे आपल्या माणसांनी काय काय गमावले आहे ते मी रोज पाहतो.

भगिनींना एक विनंती. घरी जुना बूट असेल तर तो स्वच्छ करण्याच्या भरात तेल चोपडू नका, उन्हात ठेवू नका, पाण्याने धुऊ नका. जुने चामडे कोरडे पडून तांबडी भुकटी सोडू लागते. तसे दिसले की हात लावू नका. मऊ ब्रशने धूळ झाडावी, आत साधा पांढरा कागद सैलसर भरावा, आणि वर्तमानपत्र भरू नये, त्यातील आम्लाने चामडे बिघडते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्यास बुरशी हमखास. खरा जुना बूट पुतळ्याच्या पायात कोंबून बसविण्यापेक्षा तो शेजारी काचेत ठेवावा आणि पायात नव्याने शिवलेली नक्कल घालून ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहावे.

तिसऱ्या पुतळ्यासाठी योग्य बूट अद्याप मिळालेला नाही. मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास पुतळ्याचे पाय साध्या कापडाने झाकावेत आणि ‘या काळचे पायताण उपलब्ध झाले नाही’ असे लिहून ठेवावे, पण बाजारातून काहीतरी आणून घालू नये, असा ठराव मी मांडतो. चौथ्यासाठीचे बूट एका निवृत्त हवालदारांच्या माळ्यावर सापडले आहेत. टाचेची नाल एका पायास नाही, ती लोहाराकडून नवी बसवून घेण्याऐवजी तशीच ठेवावी असे माझे मत आहे. रविवारी सकाळी दहा वाजता ते येथे आणले जातील. आजींना मी निरोप पाठविला आहे. पुतळ्यास घालण्यापूर्वी ते बूट कोणीतरी पायात घालून या फरशीवर चार पावले चालून दाखवावे, अशी त्यांची इच्छा आहे. ज्यांचे माप आठ असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे.